रिमांडची पहिली तारीख आणि दोन घातक भ्रम

संप होतो, मोर्चा निघतो, कारखान्याच्या दारात धरणे धरले जाते, आणि संध्याकाळी काही साथी पोलीस ठाण्यात असतात. दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले जाते. या दुसऱ्या दिवसाचा आपल्या चळवळीत जितका विचार व्हायला हवा तितका होत नाही. मोर्चाची पत्रके, फलक, घोषणा यांची तयारी पंधरा दिवस चालते. न्यायालयाची तयारी म्हणजे ओळखीच्या वकिलाला रात्री अकरा वाजता केलेला एक फोन! ही उणीव निव्वळ आळसातून आलेली नाही. तिच्या मुळाशी दोन चुकीच्या भूमिका आहेत. त्यांचा समाचार घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पहिली भूमिका अशी की, पहिली तारीख ही केवळ औपचारिकता आहे. "आज काही होत नसते, खरा खटला पुढे उभा राहील, तेव्हा बघू." ही भूमिका कायद्याच्या जाणकारांची म्हणून मांडली जाते. दुसरी भूमिका दिसायला जहाल आहे. न्यायालय हे वर्गीय राज्यसंस्थेचेच अंग असल्यामुळे तेथे युक्तिवाद कसला करायचा? घोषणा द्याव्यात आणि सरळ तुरुंगात जावे! या दोन भूमिका परस्परविरोधी भासतात. व्यवहारात मात्र दोहोंचा परिणाम एकच होतो. साथी न्यायासनासमोर गप्प उभा राहतो आणि पोलिसांनी मागितलेली कोठडी पोलिसांच्या पदरात पडते.

त्या दोन मिनिटांत काय घडते?

ज्याने पहिली तारीख कधी पाहिलेली नाही, त्याच्या डोळ्यांसमोर चित्रपटातील न्यायालय असते. तसे तेथे काहीच नसते. शपथ नसते, साक्षीदार नसतात, उलटतपासणी नसते. "गुन्हा कबूल आहे काय?" हा प्रश्नही त्या दिवशी विचारला जात नाही, तो दोषारोपपत्र येऊन आरोप निश्चित होतात तेव्हाचा. सकाळी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी होते. मग पोलीस गाडीतून न्यायालयाच्या आवारात आणून बसवले जाते आणि वाट पाहण्यात दुपार उलटते. शिपाई नाव पुकारतो. तपासी अंमलदार रिमांडचा अर्ज पुढे करतो. सहायक सरकारी अभियोक्ता उभे राहून सांगतात की तपास अपुरा आहे, साथीदारांचा शोध घ्यायचा आहे, मुद्देमाल हस्तगत करायचा आहे, सबब इतके दिवस पोलीस कोठडी मिळावी. वकील असल्यास तो विरोध करतो. न्यायदंडाधिकारी मान वर करून आरोपीला विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" आरोपी म्हणतो, "नाही." हुकूम लिहिला जातो. पुढचे नाव पुकारले जाते.

एवढ्या अवधीत तीन गोष्टींचा निकाल लागलेला असतो. अटक कायदेशीर होती काय, ही पहिली. माणूस पोलिसांच्या ताब्यात जाणार, तुरुंगात जाणार की मोकळा होणार, ही दुसरी. पोलिसांनी त्याला कसे वागवले याची नोंद न्यायालयाच्या कागदावर काय राहणार, ही तिसरी. यांतील कोणती गोष्ट औपचारिक आहे, हे त्या जाणकारांनी सांगावे!

आपल्याकडच्या न्यायालयांत पोलीस कोठडीला "पी. सी. आर." आणि न्यायालयीन कोठडीला "एम. सी. आर." म्हणण्याचा रिवाज आहे. ऐकायला एका अक्षराचा फरक; भोगायला दोन वेगळी जगे. न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंग: तेथे नोंदवही आहे, तुरुंगाचा डॉक्टर आहे, आणि वकील लगेच जामिनाचा अर्ज देऊ शकतो. पोलीस कोठडी म्हणजे ज्याने पकडले त्याच्याच हाती रात्रंदिवस सोपवलेला देह. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे खरे. परंतु कोठडीत असताना दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढी माहिती चालते. लाठ्या, दगड, फलकांचे बांबू "आरोपीने काढून दिले" असे पंचनामे उभे राहतात ते याच वाटेने. कोऱ्या कागदावरील सह्या घेतल्या जातात त्याही याच मुक्कामात.

"औपचारिकता" म्हणणाऱ्यांना उत्तर

कायद्याचे शब्द पाहा. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेची कारणे कळण्याचा, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाण्याचा हक्क दिला आहे. पुढे कोठडीत ठेवायचे तर दंडाधिकाऱ्यांचा अधिकार लागतो. याचा अर्थ स्वच्छ आहे. पोलिसांच्या हाती एक दिवसापलीकडे कोणाचेही स्वातंत्र्य सोपवायचे नाही, आणि त्या एका दिवसाचा हिशेब पहिल्या तारखेला द्यायचा. संविधानाने ज्याला हिशेबाचा दिवस मानले, त्याला आपण "तारीख पडली" म्हणून सोडून द्यायचे काय?

२०१४ साली अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत अटक ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे. ती का आवश्यक होती हे पोलिसांनी लेखी मांडले पाहिजे आणि दंडाधिकाऱ्यांनी ते तपासून मगच कोठडी मंजूर केली पाहिजे. तसे न करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांवरही खातेनिहाय कारवाईची तंबी त्या निकालात आहे. मोर्चाच्या प्रकरणांत लावली जाणारी बहुतेक कलमे याच मर्यादेच्या आतली असतात. तेव्हा, "नोटीस देऊन का बोलावले नाही? अटकेची गरज काय होती?" हा पहिल्या तारखेचा पहिला प्रश्न आहे. तो विचारायला वकीलच नसेल तर निकाल पुस्तकात राहतो आणि माणूस कोठडीत जातो.

बेकायदा जमाव, दंगा, अडवणूक, मनाई हुकमाचा भंग ही मोर्चात नेहमी लावली जाणारी कलमे सामान्यतः जामीनपात्र असतात. महाराष्ट्रात त्यांच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७ वे व १३५ वे कलम येते. अशा प्रकरणात जामीन हा हक्क आहे; खुद्द पोलीस ठाण्यातूनच सुटका व्हायला हवी. म्हणून मग आणखी एक कलम जोडले जाते. भारतीय न्याय संहितेचे १३२ वे कलम, जुन्या दंड संहितेचे ३५३ वे, सरकारी नोकरावर हल्ला वा बळाचा वापर! ते अजामीनपात्र आहे. मोर्चात कोणत्या तरी हवालदाराला धक्का लागल्याचे एक वाक्य फिर्यादीत घातले की शंभर माणसांची जामीनपात्र अटक अजामीनपात्र होते. फिर्याद वाचून, "यात या आरोपीचे नाव कोठे आहे? कोणाला, कोठे, कशाने लागले? जखमेचा दाखला कोठे आहे?" असे विचारण्याची जागा कोणती? हीच. पंधरा दिवसांनी विचारून गेलेली नोकरी परत येत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर या दिवसाचे महत्त्व अधिकच वाढवले आहे. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळू शकत असे; १९९२ च्या अनुपम कुलकर्णी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले होते. नव्या संहितेच्या १८७ व्या कलमाने ते पंधरा दिवस गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी घेण्याची मुभा दिली. म्हणजे तुरुंगात गेलेल्या माणसाला पुन्हा ठाण्यात ओढण्याची टांगती तलवार दोन महिन्यांपर्यंत लोंबत राहणार! हा बदल डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने कधी मंजूर केला? विरोधी बाकांवरील शंभराहून अधिक खासदार निलंबित असताना. अशा कायद्याच्या पहिल्या दिवसाला औपचारिकता म्हणणे हे अज्ञान नसेल तर निष्काळजीपणा आहे.

या निष्काळजीपणाची किंमत कोण मोजतो? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांवरचा गुन्हा अद्याप शाबीत व्हायचा होता. यांतील प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी ती दोन मिनिटे आली होती.

आणि भागलपूर? १९७९-८० मध्ये बिहारमधील भागलपूर येथे पोलिसांनी आरोपींचे डोळे फोडून त्यांत आम्ल ओतले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा उघड झाले की या माणसांना वकील दिला गेला नव्हता, कारण म्हणे त्यांनी तो मागितला नव्हता! त्यांच्या जखमांची चौकशी करणे दंडाधिकाऱ्यांनाही सुचले नव्हते. खत्री विरुद्ध बिहार राज्य या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालाने ठरवून दिले की, गरीब आरोपीला मोफत वकील देण्याचे कर्तव्य खटल्यापासून नव्हे, तर दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा हजर केल्याच्या क्षणापासून सुरू होते, आणि त्या हक्काची माहिती देणे हे दंडाधिकाऱ्यांचे काम आहे. २०१२ साली मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यात न्यायालयाने याचा पुनरुच्चार केला. ज्या दिवसाला काही जण औपचारिकता म्हणतात, त्याच दिवशी फुटलेले डोळेसुद्धा न्यायालयाला दिसले नाहीत, हा इतिहास आहे.

जहाल मौनाला उत्तर

आता दुसऱ्या भूमिकेकडे वळू. न्यायालये समाजातील सत्तासंबंधांपासून अलिप्त नाहीत, हे आपल्याला नव्याने कोणी शिकवायला नको. मालकाच्या तक्रारीवर गुन्हा तासात नोंदला जातो आणि थकलेल्या वेतनाच्या तक्रारीला वर्षे लागतात, हे प्रत्येक कामगार पाहतो. परंतु यावरून "म्हणून तेथे गप्प राहावे" हा निष्कर्ष कसा निघतो? कारखाना मालकाचा आहे म्हणून कामगार हजेरीपटावरची आपली सही तपासायचे सोडतो काय? २४ तासांची मर्यादा, वकिलाचा हक्क, अटकेची लेखी कारणे ही कोणा शासकाने उदारपणे दिलेली बक्षिसे नाहीत. परकीय सत्तेच्या तुरुंगांत ज्यांनी वर्षे काढली, त्यांच्या अनुभवातून हे हक्क संविधानात आले आहेत. ते वापरायचे नाहीत असे ठरवणे म्हणजे जिंकलेली जमीन स्वतःहून परत करणे होय.

मीरतचे नाव घेऊन मौनाचे समर्थन करणाऱ्यांनी मीरतचा इतिहास पुन्हा वाचावा. २० मार्च १९२९ रोजी देशभर धाडी घालून ३१ जणांना पकडले गेले. त्यांत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर होते, तसेच आळवे, कासले यांच्यासारखे मुंबईचे गिरणी कामगारही होते. मुंबईत किंवा कलकत्त्यात खटला चालता तर ज्यूरीचा हक्क मिळाला असता. म्हणून मीरत निवडले गेले. घरापासून, संघटनेपासून आणि आपल्या भाषेपासून शेकडो मैल दूर नेण्यात आलेल्या त्या आरोपींनी काय केले? त्यांनी आपली मते न्यायालयात निर्भयपणे मांडली, हे खरे. पण त्याच वेळी जामिनासाठी झगडा केला, खटल्याच्या जागेला हरकत घेतली, वकील उभे केले. त्यांच्यासाठी बचाव समिती स्थापन झाली आणि जवाहरलाल नेहरू तिच्या कामात होते. १९३३ च्या जानेवारीत कठोर शिक्षा झाल्या. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयातील अपिलात त्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. मीरतच्या आरोपींनी पिंजऱ्याचे व्यासपीठ केले, आणि प्रक्रियेचा एक इंचही फुकट सोडला नाही. यातला अर्धा भाग घेऊन उरलेला विसरणे हा सोयीस्कर वारसा झाला.

शिवाय, मौनाचा हा उपदेश कोणाला केला जात आहे? मोर्चात पकडला जाणारा प्रत्येक जण पुढारी नसतो. त्यात कंत्राटी कामगार असतो, ज्याची चार दिवसांची गैरहजेरी म्हणजे कामावरून छुट्टी. त्यात घरकाम करणारी बाई असते, जिचे तान्हे मूल घरी आहे. पहिल्यांदाच बाहेर पडलेली आशा सेविका असते. त्यांना तुरुंगात पाठवून आपण आपला बाणेदारपणा सिद्ध करायचा, हा व्यवहार संघटनेला शोभत नाही. पुढच्या मोर्चाला तो कामगार आला नाही, तर दोष त्याच्या चेतनेचा नव्हे, आपल्या तयारीचा आहे.

भाषेचा प्रश्न

हे पान वाचणारे साथी केवळ महाराष्ट्रात नाहीत. सुरतच्या यंत्रमागांवर, इंदूर-बडोद्यात, बेळगाव-हैदराबादेत, दिल्लीच्या कार्यालयांत मराठी माणूस राबतो आहे. त्याला अटक झाली तर रिमांडचा अर्ज गुजरातीत, कानडीत, हिंदीत किंवा इंग्रजीत असणार. महाराष्ट्रात जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असली, तरी तेथे येणाऱ्या बिहारी, ओडिया, तेलुगू कामगाराची हीच अवस्था होते. भाषांतराचे काम करणाऱ्याला एक गोष्ट रोज जाणवते: न समजलेल्या कागदावर माणूस सगळ्यांत लवकर सही करतो.

कायदा येथेही आपल्या बाजूने बोलतो. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, इंग्रजी न येणाऱ्याला इंग्रजीत कारणे देऊन ती तोंडी समजावल्याने हक्काची पूर्तता होत नाही. २०२४ च्या मे महिन्यात पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांची अटक व रिमांड न्यायालयाने बेकायदा ठरवले. अटकेची कारणे त्यांना लेखी दिली नव्हती, आणि पहाटे सहाच्या सुमारास त्यांना न्यायाधीशांसमोर नेताना त्यांच्या स्वतःच्या वकिलाला कळवलेही नव्हते. नोव्हेंबर २०२५ मध्ये, वरळीच्या मोटार अपघाताच्या प्रकरणातून आलेल्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने हाच नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला. अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत, आरोपीला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, आणि अटकेच्या वेळी शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी दिली पाहिजेत. हा नियम धनवंताच्या अपिलातून आला म्हणून तो धनवंतापुरता राहू द्यायचा काय? सुरतेत अटक झालेल्या मराठी यंत्रमाग कामगाराने, "मला मराठीत द्या," असे म्हटले पाहिजे, आणि पुण्यात अटक झालेल्या ओडिया मजुराच्या बाजूने आपण तसे म्हटले पाहिजे.

परप्रांतात जामीनदार मिळवणे हा तर दुहेरी छळ आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागण्यात आला आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारण्यात आला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकाराचा खरपूस समाचार घेतला आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर सुटकेचा आदेश दिला. परका भाषिक, परका जिल्हा ही जामीन नाकारण्याची कारणे असू शकत नाहीत, हे त्या निकालाचे सार आहे. तरीही आजवर तालुक्याच्या न्यायालयांत "स्थानिक जामीनदार आणा" हे शब्द ऐकू येतात. त्यावर "मोतीराम" हे उत्तर वकिलाच्या तोंडी तयार हवे.

तयारी कशाची?

प्रत्येक कार्यक्रमाआधी संघटनेने दोन साथी केवळ या कामासाठी बाजूला ठेवावेत, आणि त्यांनी अटक करून घेऊ नये. वकिलाचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि सही केलेली कोरी वकीलपत्रे त्यांच्याजवळ असावीत. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याने कोठडीतील कोणालाही, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळतो.

कोणाला किती वाजता, कोठून उचलले हे लिहून ठेवावे. "चौकशीसाठी आणले आहे" असे सांगून तासन्‌तास बसवायचे आणि अटक मागाहून दाखवायची, ही जुनी युक्ती आहे. २४ तासांचा काटा खरा कोठून सुरू झाला हे आपल्या वहीतून सिद्ध होते. अटकेच्या पंचनाम्यावरील वेळ वाचूनच सही करावी. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना मार लागलेली जागा दाखवावी आणि अहवालाची प्रत मागावी. ती मिळणे हा आरोपीचा हक्क आहे.

न्यायालयीन कोठडीचा हुकूम होताच त्याच दिवशी जामिनाचा अर्ज द्यावा. सरकार पक्षाचे म्हणणे, म्हणजे कोर्टाच्या बोलीत "से", मागवण्यात एक-दोन दिवस जातात. अर्ज उद्यावर टाकला की ते दिवसही उद्यापासून मोजले जातात. जामीनदाराचा सातबारा, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती, लागेल तेथे ऐपतीचा दाखला आधीच जमवून ठेवावा. जामीन मंजूर होऊनही कागदावाचून तुरुंगात बसलेली माणसे थोडी नाहीत. ती कागदपत्रे येईपर्यंत रोख जामिनावर सोडण्याची मागणी करावी.

आणि त्या एका प्रश्नाची तयारी करावी. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?" हा प्रश्न विचारला जातो तेव्हा ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो हातभर अंतरावर उभा असतो, आणि कोठडी मंजूर झाली तर परत त्याच्याच गाडीत बसायचे असते. एकटा माणूस तेथे "नाही" म्हणतो यात नवल नाही. पण न्यायालयात पाच साथी हजर आहेत, वकील शेजारी आहे, जखमेचा दाखला फाइलमध्ये आहे, हे त्याला दिसले तर तो "होय, आहे" म्हणू शकतो. त्याने काय, कधी, कोणी, हे चार वाक्यांत सांगावे आणि ते हुकमात लिहून घेण्याचा आग्रह वकिलाने धरावा. एकदा "तक्रार नाही" अशी नोंद झाली की पुढच्या प्रत्येक न्यायालयात ती त्याच्याविरुद्ध वाचून दाखवली जाते.

हे काम गाजावाजाचे नाही. त्याला टाळ्या पडत नाहीत. परंतु संघटना आपल्या माणसाला एकटे सोडत नाही हे कामगाराला कळते ते सभेतल्या भाषणातून कमी आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात दुपारी तीन वाजता, नाव पुकारले जाण्याची वाट पाहताना अधिक कळते. प्रत्येक शाखेने पुढील बैठकीत हा विषय घ्यावा, दोन साथींची नावे ठरवावीत आणि वकिलाचा क्रमांक सर्वांना पाठ करून घ्यावा. पुढील अटक कोणाची होईल हे पोलीस ठरवतील. तो साथी न्यायासनासमोर एकटा उभा राहील की नाही, हे मात्र आपण ठरवायचे आहे.